दादाच्या कानशिलावरचे केस

दादाचे केस मी कापले ते माझ्या कामासाठी. मला एका धडधाकट माणसाचे पांढरे केस हवे होते आणि दादाची दोन्ही कानशिलं ऐन पस्तिशीत पांढरी झाली होती, एवढंच त्यामागं कारण. तो माझा सख्खा मोठा भाऊ. आयटीआय करून वेल्डर झालेला, अंगानं दणकट, कधी डोकं दुखलं म्हणून गोळी न घेतलेला. अशा माणसाच्या केसांत काही सापडणार नाही, याची मला खात्री होती, आणि मला नेमकं तसंच हवं होतं.

मी तेव्हा फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून शहरातल्या एका संशोधन संस्थेत होते. आमच्या सरांचा विषय होता केस. एखाद्या माणसाच्या अंगावर अचानक खूप रेडिएशन पडलं आणि त्या वेळी त्याच्याजवळ मोजायचं काही साधन नसलं, तर त्याच्या केसांवरून ते किती पडलं हे नंतर सांगता येईल का, हे आम्ही शोधत होतो. केसांतल्या प्रथिनांची रेडिएशननं बारीक मोडतोड होते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण केसांची चिमूट काचेच्या नळीत घालून ती दोन मोठ्या चुंबकांच्या मधे ठेवली की यंत्राच्या कागदावर एक वळण उमटतं. मोडतोड जितकी जास्त, तितकं वळण उंच. ऐकायला सोपं वाटतं, पण अडचणी पुष्कळ होत्या. काळ्या केसांना त्यांच्या रंगामुळं मुळातच एक वळण असतं आणि आपल्याला हवं ते त्यात बुडून जातं, म्हणून पांढरे केस लागत. दुसरं म्हणजे ही खूण टिकत नाही. ओल लागली की मिटते. माणसानं दोनचार वेळा डोकं धुतलं की विषय संपला.

त्यामुळं मी सगळ्या नात्यागोत्यात पांढरे केस मागत फिरत होते. कन्नडला, म्हणजे आमच्या गावी, गल्लीतल्या बायका विंचरलेले केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या, केसांवर भांडी देणारा आला की त्याला द्यायला. मी मागितले तर एक काकू म्हणाल्या, "तो वाटी देतो. तू काय देतीस?" मी त्यांना यंत्राबद्दल सांगायला लागले, तेवढ्यात त्यांनी केस पुन्हा फटीत खोचले.

दुष्काळाचं ते ओळीनं दुसरं वर्ष. दादानं बीड बायपासच्या पलीकडं, शहराच्या सातारा परिसरात नव्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. शहर तिकडं नुसतं उधळलं होतं. काल जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं आज पार्किंग. बिल्डरनं पाटीवर मोठ्या अक्षरांत पाण्याचं आश्वासन दिलेलं आणि स्वयंपाकघरात चकचकीत नळही बसवलेले, फक्त त्या नळांच्या मागं पाइपच नव्हता. बोअरला फेस यायचा, पाणी नाही. टँकर आला की बाया, पोरं, म्हातारी माणसं ड्रम घेऊन धावायची आणि आला नाही की त्याची वाट बघत सगळी इमारत बाल्कनीत उभी असायची.

त्या रविवारी मी गेले तेव्हा टँकर आलेला नव्हता. दादा आदल्या दिवशीच साइटवरून परतला होता. पैठण रोडकडं एका कारखान्यानं स्वतःसाठी पाण्याची मोठी लोखंडी पाइपलाइन टाकायला घेतली होती आणि तिच्या वेल्डिंगच्या कामावर तो महिनाभर होता. अंगावर तीच धूळ, डोकं तेलकट. भिंतीला टेकून बसला होता.

"तोंड कसं झालंय तुझं," मी म्हणाले.

"ऊन लागलं जणू. लई मळमळतंय दोन दिवस झालं."

"डोकं तरी धुवायचं."

"कशानं धुवू? थुंकीनं?"

वहिनी आतून म्हणाली, "प्यायला दोन कळश्या हायेत, त्यातली एक तुम्हाला देऊ का डोक्यावर घ्यायला?" म्हणाली हसतच, पण कळशीवर झाकण ठेवायला लगेच उठली.

मी कात्री काढली. वहिनीला ते आवडलं नाही. केस असे कुणाच्या हाती देऊ नयेत, असं तिच्या माहेरी मानत. दादा म्हणाला, "कुणाच्या हाती कुठं, बहिणीच्या हाती देतोय." मी त्याच्या डाव्या कानशिलावरचे पांढरे केस कापून एका पाकिटात घातले आणि उजवीकडचे दुसऱ्या. सवयीनं पाकिटांवर डावं-उजवं लिहिलं. त्या वेळी त्याला काही अर्थ नव्हता.

सोमवारी यंत्र चालू केलं. सगळ्यांत आधी दादाचे केस घातले, कारण त्यांच्यावर सपाट रेघ येईल आणि तिच्याशी बाकीचं ताडून बघता येईल. रेघ सपाट आली नाही. वळण असं चढलं की मला वाटलं, मी चुकून आम्ही मुद्दाम रेडिएशन दिलेल्या केसांची नळी उचलली. चिठ्ठी पाहिली. दादाचीच होती, डावी बाजू.

सर पलीकडच्या टेबलावर होते. शांत माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा वर सरकवला.

"कात्री बोथट असेल. केस दाबून तुटला की असं खोटं वळण येतं, तुम्हाला माहीत आहे."

ते खरं होतं. पण कात्रीचं वळण एका दिवसात बरंच ओसरतं. मी मंगळवारी पुन्हा बघितलं. फार काही ओसरलं नव्हतं. मग उजव्या बाजूचे केस घातले. तिथंही वळण होतं, पण डावीकडच्यापेक्षा कितीतरी ठेंगणं. कात्री तीच, हात तोच, माणूसही तोच. डावीकडच्या थोड्या केसांना मी शुद्ध पाण्यातून काढून वाळवलं आणि पुन्हा नळीत घातलं. वळण जवळजवळ बसलं. मेंदी किंवा कलप असता तर असं झालं नसतं. रेडिएशनची खूणच अशी पाण्यानं जाते. हेच आम्ही वर्षभर कागदावर लिहीत होतो.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुलनेचा नमुनाच असा निघाला तर आपल्या पेपरचं काय? टाकून द्या तो. दुसरा माणूस बघा."

मी टाकला नाही. उरलेले केस ओल शोषणाऱ्या खड्यांच्या बरणीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले आणि दादाला फोन केला.

"दादा, पाइपलाइनच्या जोडांचे एक्स-रेसारखे फोटो काढतात ना साइटवर, तू त्यांच्याजवळ गेला होतास का?"

थोडा वेळ नुसता रस्त्यावरचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "नाय. मी वेल्डर हाय. माझं काय काम तिकडं?"

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी चिंचा चोरल्या की कुणी विचारायच्या आधीच त्याचे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत, पण तो थांबला ते मला ऐकू आलं होतं. दोन दिवसांनी मी पुन्हा विचारलं तेव्हा तो चिडला आणि फोन ठेवला.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनी सरळ संस्थेत आली. ती आधी कधी तिथं आलेली नव्हती. वॉचमनशी भांडून ती वर आली आणि तिनं माझ्या टेबलावर एक कॅरीबॅग ठेवली. आत उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्यावर झुबक्यानं केस, काळे पांढरे दोन्ही.

"एका बाजूचेच जातायत," ती म्हणाली. "डाव्या. हात फिरवला की हातात येतायत. आणि खांद्याला लाल झालंय, भाजल्यागत. मला सांगत नायत. तुम्ही विचारा."

मी तशीच तिच्याबरोबर निघाले. दादा खाटेवर शर्ट काढून बसला होता. डाव्या कानाच्या वर हाताच्या पंजाएवढा भाग तुळतुळीत, आणि खांद्यापासून मानेपर्यंत कातडी तांबडी, मधे फोड. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि वहिनीला म्हणाला, "हिला कशाला आणलंस?"

"आता सांग," मी म्हणाले.

मग त्यानं सांगितलं. जोडांचे फोटो काढणाऱ्या टोळीतला शिकलेला माणूस काम सोडून गेला होता. ठेकेदार एकच, वेल्डिंगही त्याचंच आणि फोटोही त्याचेच. कारखान्याला पाइपलाइन घाईनं हवी होती, कारण धरण आटत चाललं होतं आणि पाणी आहे तोवर खेचायचं होतं. तेव्हा मालकानं, म्हणजे या ठेकेदारानं, दादाला म्हटलं, तू हुशार हायस, चार दिवस तू बघ. ते काम असं असतं: जड पेटीत रेडिएशन सोडणारी गोळी असते. हँडल फिरवलं की ती केबलवरून नळीतून बाहेर जाते आणि जोडापाशी थांबते. पलीकडं फिल्म लावलेली असते. फोटो झाला की हँडल उलटं फिरवून गोळी पेटीत परत घ्यायची आणि ती आत गेली की नाही हे मीटरनं तपासायचं.

"त्या दिवशी हँडल अडकलं," दादा म्हणाला. "जोर लावला तर फिरलं. मला वाटलं आली आत."

"मीटर?"

"मीटरमधी सेल नव्हतं. हप्ताभर सांगत व्हतो. मालक म्हणायचा, पाठवतो."

"मग?"

"मग नळी गुंडाळली, डाव्या खांद्यावर टाकली आणि जीपपर्यंत आणली. जीप लांब व्हती. मधी एकदा बसलो बी, बिडी ओढली. गोळी नळीतच व्हती. जीपपाशी दुसऱ्या साइटवरचा एक गडी आला, त्याच्या खिशातलं रेडिएशनचं यंत्र कोकलायला लागलं. तेव्हा कळलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मालक म्हणाला, बोललास तर साइट बंद. पन्नास माणसाचं काम जाईल. म्हणाला, थोडंच लागलं असंल, उन्हासारखं, जातं उतरून."

वहिनी कपाळाला हात लावून खाली बसली. मी त्याच्या खांद्याकडं पाहत होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, असा की माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. दोन सेल. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले दोन सेल.

मालकानं दादाला त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडं आधीच पाठवलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की केस गळणं बोअरच्या जड पाण्यामुळं आणि कातडीवरचे फोड उष्णतेमुळं. त्या वर्षी शहरातल्या प्रत्येक बाईचे केस गळत होते आणि प्रत्येकजण बोअरच्या पाण्याला शिव्या देत होता, त्यामुळं हे कुणालाही पटण्यासारखं होतं. फक्त बोअरचं पाणी एकाच कानाच्या वरचे केस कसे निवडून काढतं, हे विचारायची तसदी त्या डॉक्टरांनी घेतली नव्हती. आणि दादानं कितीतरी दिवसांत डोक्यावर पाणी घेतलेलंच नव्हतं.

मालकाचं ऑफिस क्रांती चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मी एकटीच गेले. आत एसी, भिंतीवर पाइपलाइनचे रंगीत फोटो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बाटलीबंद पाणी पुढं केलं, सील न तोडलेलं. मी ते घेतलं नाही.

"ताई, तुमचा भाऊ आमचा वेल्डर आहे," ते म्हणाले. "चांगला वेल्डर आहे. पण त्या कामावर तो नव्हताच. त्या कामाला ट्रेनिंग लागतं, छातीवर रेडिएशन मोजणारा बिल्ला लागतो. वाटेल त्या माणसाला आम्ही हात लावू देत नाही."

"त्याच्या खांद्यावर नळी होती."

"कोण म्हणतं?"

"त्याचा खांदा म्हणतो. त्याचे केस म्हणतात. मी मोजलेत."

पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कुठं मोजले?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. ते थोडे हसले.

"मग असं करा, तुमच्या सरांचं पत्र आणा. साहेबांनी सही करून लिहून दिलं की केसांवरून हे सिद्ध होतं, तर आपण बोलू. मी काही पळून जाणार नाही. तोवर भावाला म्हणावं घरी आराम कर. नाहीतर असं बोलणं बाहेर गेलं की त्याला दुसरीकडंही काम मिळायचं नाही. मी आपलं काळजीनं सांगतोय."

काळजीनं. तो शब्द त्यांनी ज्या आवाजात म्हटला तो मला अजून ऐकू येतो.

सरांकडं मी दुसऱ्या दिवशी गेले. सगळं सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे तो नमुना खरा होता. अहो, केवढी दुर्मीळ गोष्ट आहे ही. खऱ्या अपघातातला, न धुतलेला, पांढरा केस. किती दिवसांनी कापलात? उरलाय ना? टाकला नाहीत ना?"

"तुम्ही टाकायला सांगितला होता."

ते त्यांनी ऐकलं नाही. ते फ्रीजरकडं निघाले होते. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"सर, मला एक पत्र हवंय. या केसांवर रेडिएशनची खूण आहे, एवढंच लिहा."

ते पुन्हा बसले, आणि त्यांचा आवाज पुन्हा तोच झाला, शांत. "असं कसं लिहिता येईल? आपली पद्धत अजून पक्की नाही. एका माणसावरून काही म्हणता येत नाही. उद्या कोर्टकचेरी झाली तर संस्थेचं नाव येईल. तुम्ही भावाच्या बाजूनं विचार करताय, ते स्वाभाविक आहे. मला विज्ञानाच्या बाजूनं करावा लागतो."

त्यांचं पहिलं वाक्य बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. केसांच्या एका चिमटीवरून किती रेडिएशन पडलं याचा आकडा मीही छातीठोकपणे सांगितला नसता. पण मी आकडा मागितलाच नव्हता. आणि जे केस कोर्टाच्या भीतीनं पत्रात मावत नव्हते, तेच त्यांच्या पेपरात मजेत मावणार होते.

"सर," मी म्हणाले, "पेपर बिघडत होता तेव्हा तो कचरा होता. आता पेपर सजतोय तर दुर्मीळ झाला. आणि ज्याच्या डोक्यावरचा आहे त्याला द्यायची वेळ आली की पद्धत पक्की नाही. यात विज्ञानाची बाजू कुठली?"

त्यांच्याशी असं कुणी बोललेलं नसावं. मी फ्रीजर उघडला, बरणी काढली, पर्समध्ये टाकली आणि खाली उतरले. त्यानंतर संस्थेत मी परत गेले ती फक्त माझी पुस्तकं आणायला.

असल्या गोळ्यांवर देखरेख करणारी सरकारी कचेरी मुंबईत आहे, हे मला शिकताना माहीत झालं होतं. त्यांना मी स्वतः लिहिलं. काय झालं, कधी झालं, केसांवर मला काय दिसलं आणि त्यावरून काय म्हणता येतं, काय येत नाही, सगळं. वर माझं नाव आणि पत्ता. कुणी दखल घेईल असं मला वाटत नव्हतं. पण त्यांचा फोन आला, आणि चारआठ दिवसांत दोघेजण आले. त्यातल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी दादाचा खांदा पाहिला, डोकं पाहिलं, मग माझी बरणी हातात घेऊन प्रकाशात धरली.

"तुम्ही धुतले नाहीत हे बरं केलंत," त्या म्हणाल्या.

"पाणीच नव्हतं," वहिनी म्हणाली.

बाईंनी सरळ सांगितलं की नुसत्या केसांवर त्यांनाही निकाल देता येणार नाही. त्यासाठी रक्त लागेल. रेडिएशननं रक्ताच्या पेशींमधली गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली जातात, ती मोजतात, आणि ते मोजणं पक्कं मानलं जातं. दादाला त्यांनी मुंबईला नेलं. मालकांच्या ऑफिसातही ते गेले. तिथं त्यांना काय दिसलं हे मला कुणी सांगितलं नाही. पण मीटर कोरं करकरीत होतं आणि त्यात नवे सेल होते, एवढं दादाच्या एका जोडीदाराकडून कळलं.

रक्ताचा निकाल आला. दादाच्या अंगावर रेडिएशन पडलं होतं, भरपूर, आणि डाव्या बाजूला सर्वांत जास्त. बोअरचं पाणी खोटं ठरलं. मी तो कागद वाचून दाखवत होते तेव्हा दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता. खांद्याची जखम चिघळली होती. कातडी मांडीवरून काढून तिथं लावायचं ठरलं होतं.

"आता काय म्हणतो तुझा मालक?" मी विचारलं.

"तू गप बस गं," तो म्हणाला. "साइट बंद झाली. पोरं घरी बसली. परवा रस्त्यात दोघं भेटली, तोंड फिरवून गेली. त्यांना काय, मालकानं सांगितलं हिच्यामुळं झालं. तू केस नसते घेतले तर हे काय झालं नसतं."

"हे झालंच होतं, दादा. केस घ्यायच्या आधी झालं होतं."

"ते मला कळतं. त्यांना कोण सांगणार?"

मी त्याच्यावरही रागावले. खोटं कशाला बोलू, आजारी माणसावर रागावले. ज्यानं त्याला भाजलं त्याचीच बाजू तो पन्नास जणांच्या नावानं घेत होता, आणि त्यातला एकही त्याला बघायला आला नव्हता. वहिनीनं मला बाहेर नेलं. जिन्यात उभं राहून ती म्हणाली, "तुम्ही बोलून जाता. रात्रंदिवस त्यांच्याजवळ मला राहायचंय." तिचं बरोबर होतं. मी त्यानंतर दादासमोर मालकाचं नाव काढणं थांबवलं. राग मात्र थांबला नाही. बसमध्ये, भाजी निवडताना, पोळी लाटताना मी मनातल्या मनात त्या एसी ऑफिसात जाऊन बसायची आणि त्यांना दरवेळी नवं काहीतरी सुनवायची.

पुढं काय झालं ते सांगायला हवं. ठेकेदारावर कारवाई झाली, फोटोचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. काही महिन्यांनी त्याच ऑफिसावर त्यांच्या मेव्हण्याच्या नावाची पाटी लागली. पाइपलाइन पूर्ण झाली. त्या दिवशी दादानं काढलेले जोडांचे फोटो स्वच्छ आले होते, एकही जोड नापास झाला नाही. कारखान्याला पाणी सुरू झालं. सातारा परिसरात टँकरच येत राहिले. सरांचा पेपर छापून आला. त्यात माझ्या भावाचे केस नव्हते, बरणी माझ्याकडं होती ना, पण माझ्या पहिल्या दिवसाचा कागद त्यांच्याकडं राहिला होता आणि ते वळण मी छापलेलं पाहिलं. खाली लिहिलं होतं, एक स्वयंसेवक. माझा भाऊ कशाचाही स्वयंसेवक नव्हता.

दादा बरा झाला, म्हणजे जितकं होता येतं तितका. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. कानावरचा भाग तसाच राहिला, त्यावर तो टोपी घालतो. वेल्डिंग सुटलं नाही, पण साइटवर जात नाही. देवळाईच्या रस्त्यावर एका दुकानात नव्या इमारतींची गेटं आणि खिडक्यांचे गज बनवतो. मी एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी तो तपासणीला मुंबईला जातो. आतापर्यंतचे कागद चांगले आले आहेत.

पाइपलाइन सुरू झाल्यावर, दादा दुकानात जायला लागला त्या सुमारास, त्याच्या टोळीतले दोघं एका संध्याकाळी माझ्या घरी आले. हेच ते रस्त्यात तोंड फिरवणारे. आत यायला तयार नव्हते. मी दोनदा म्हटलं तेव्हा चपला काढून दाराशीच बसले. त्यातला वयानं मोठा होता, त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात केस होते, त्याचेही आणि दुसऱ्याचेही, वेगवेगळ्या दोऱ्यानं बांधलेले.

"तुमच्या दादाच्या आधी आम्ही बी ते काम केलंय ताई," तो म्हणाला. "नळी आम्ही बी उचलली. मीटर तवा बी बंदच व्हतं. आमचं बघून सांगता का?"

मी ती पुडी हातात धरून बसले. मला त्यांना काय सांगावं लागणार ते पहिल्याच क्षणी कळलं होतं. त्या कामाला वर्ष होत आलं होतं. मधे पाऊस झाला होता, टँकरला पाणी होतं, माणसं पुन्हा डोकी धूत होती. त्या दिवसांतले केस तर न्हाव्याच्या दुकानात केव्हाच झाडले गेले होते.

"यात आता काही दिसणार नाही," मी म्हणाले. "काही झालं असलं तरी दिसणार नाही. नसलं तरी नाही."

"मग आम्हाला कळणार कसं?"

मी त्यांना रक्ताच्या तपासणीबद्दल सांगितलं. उशिरा केली की तीही दरवर्षी थोडी थोडी धूसर होत जाते, हेही सांगितलं. मुंबईच्या बाईंचा पत्ता लिहून दिला. धाकट्यानं तो घेतला आणि पुढच्या महिन्यात तो गेला. मोठा मात्र उठून उभा राहिला.

"कळून करू काय," तो म्हणाला. "पोरीचं लग्न ठरलंय. समजा कागदावर वंगाळ निघालं, तर तिच्या सासरच्यांना काय सांगू?"

त्यानं माझ्या हातातून पुडी परत घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली, आणि दोघं जिना उतरून गेले. मी त्याच्याशी भांडायला हवं होतं, त्याला मुंबईला पाठवायला हवं होतं, असं वहिनी अजून म्हणते. मी भांडले नाही. त्याच्याशी भांडण्यासारखं माझं काही नव्हतं. माझं भांडण ज्यांच्याशी होतं ते दोघंही, मालक आणि सर, त्या वेळी, त्याच शहरात, आपापल्या एसीत बसलेले होते.